सार्वमताच्या आधी येऊ नकोस

ओल्शिनी,
रविवार, २७ एप्रिल १९९७

प्रिय बोगुश,

पत्राच्या आरंभी प्रभू येशू ख्रिस्ताची स्तुती असो, आणि तू त्यावर ‘युगानुयुगे असो’ असं उत्तर देशील अशी आशा आहे. वॉर्सात राहून तू आता असलं काही म्हणत नसशील. पण ही ओळ लिहिल्याशिवाय आपल्या घरातून पत्र बाहेर पडत नाही, आणि आई चुलीजवळच्या बाकावरून माझ्या पेनाकडे बघत बसलीय.

आम्ही इथे ठीक आहोत. बटाटे लावून झाले. यंदा शेजारचा मिक्रूत मदतीला आला, कारण माझी पाठ आता वाकली की सरळ व्हायचं नाव घेत नाही. दोन कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या. तुझं पाच पानी पत्र मिळालं. चार पानं राज्यघटनेची आणि एक पान वॉर्साच्या हवेचं. आईला मी ते वाचून दाखवलं, म्हणजे हवेचं पान वाचलं. बाकीचं ‘बोगुश कामात आहे, तुला खूप नमस्कार सांगतो’ एवढ्यात आटोपलं. रागावू नकोस. हल्ली या घरात घटनेचं नाव काढलं की जेवणाची चव जाते.

पण नाव निघतंच. नव्या घटनेच्या मसुद्याची तुमची ती छापील प्रत आमच्याकडेही पोचली. देशातल्या प्रत्येक घरी एक, म्हणजे आमच्या गावात कधी नव्हे ते सगळ्यांना सारखं काहीतरी मिळालं. पोस्टमन फ्लोरियान ती घेऊन आला तेव्हा आई दारातच होती.

“परत ने,” ती म्हणाली.

“आजी, परत नेता येत नाही. सरकारी आहे.”

“मग तुझ्या घरी ठेव. एक आलीच असेल, जोडी होईल.”

“आमची बायकोनं चुलीत घातली.”

“शहाणी आहे तुझी बायको.”

त्या बिचाऱ्यानं प्रत खिडकीत ठेवली आणि सायकल पिटाळली. आईनं तिच्यावर जिरेनियमची कुंडी ठेवली. दोन दिवसांनी बघते तर कुंडी नुसत्या लाकडावर, आणि प्रत आईच्या उशीखाली, भिंगासकट. दुपारी मी गोठ्यात गेले की ती वाचते. माझी चाहूल लागली की जपमाळ ओढायला लागते. मला काही दिसलं नाही असं मी दाखवते.

फादर इग्नात्सी गेले कित्येक रविवार तेच सांगताहेत, की ज्या घटनेत देवाला सगळ्यांच्या रांगेत उभं केलंय तिला हो म्हणू नका. माणूस वाईट नाही. आज प्रवचन चालू असताना मध्येच थांबून ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मला वाटलं, यांनाही आता कंटाळा आलाय. त्यांना मत्स्यपालनावर बोलायला सांगितलं तर तासभर बोलतील.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. आज जेवताना आईनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, “त्याला लिही. मत देऊन होईपर्यंत त्यानं या घरी यायचं नाही.”

“आई, तो तुझा मुलगा आहे.”

“म्हणूनच सांगते. परका असता तर चहा पाजून पाठवला असता.”

मी दोनदा विषय काढून बघितला, तिनं दोन्हीदा तोंड फिरवलं. तेव्हा सार्वमत होईपर्यंत, म्हणजे मे महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत येऊ नकोस. तुला पत्रातून हे कळवावं लागतंय याचं मला वाईट वाटतं, पण दुकानातल्या फोनवरून सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावानं आपापली भर घातली असती.

तिचं जेवण थोडं कमी झालंय. तार्नूफला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. वयाच्या मानानं चालायचंच, असं म्हणाले. तू काळजी करू नकोस.

आईनं आशीर्वाद सांगितलाय.

तुझी बहीण,
लिओकादिया


ओल्शिनी,
बुधवार, १४ मे १९९७

प्रिय बोगुश,

प्रभूची स्तुती असो. आई झोपलीय, म्हणून आज तेवढंच.

तुझं उत्तर आलं. चिडलायस हे अक्षरावरून दिसतं, लहानपणीही तू रागात असलास की पेन कागदातून आरपार जायचं. ‘चार वर्षं मी त्या मसुद्यावर घालवली आणि माझ्याच घरात तो कुंडीखाली’, असं लिहिलंस. खरं आहे. त्या समितीच्या कचेरीत बसून तू कलमं जुळवलीस, भांडणाऱ्यांना कॉफी पाजलीस, रात्री जागलास. त्याबद्दल मला आदर आहे. पण तडजोड कशी करावी लागते हे मला दोन पानं भरून समजावू नकोस. मी जन्मभर डेअरीत गावाचं दूध घेतलं. कुणाच्या किटलीत पाणी असतं ते मला ठाऊक होतं, आणि तरी रविवारी चर्चमध्ये मी त्यांच्याच शेजारी बसत होते.

शेवटी तू लिहिलंस, ‘आई स्वतः बोलावेल तेव्हाच येईन.’ हे वाचलं आणि मी हात टेकले. तिला हे सांगितलेलं नाही. तू मजेत आहेस आणि तुझा खोकला बरा झाला, एवढंच सांगितलं. तुला खोकला होता की नाही मला माहीत नाही, पण तिला विचारपूस केल्यासारखं वाटलं. तुम्ही दोघं अगदी एका मुशीतले आहात आणि मध्ये मी आहे. तिकडचा निरोप इकडे, इकडचा तिकडे. मी दमलेय रे.

मे महिन्यातली मारियेची स्तोत्रं यंदा आमच्या अंगणात होतात. दरवर्षी बायका रस्त्यावरच्या देवळीपाशी जमतात, पण आईच्या पायात तेवढं चालण्याची ताकद नाही, म्हणून त्या रोज संध्याकाळी तिच्या खिडकीखाली येऊन गातात. तिचा पलंग मी स्वयंपाकघरात आणलाय, तिथे ऊब असते. आई आतून त्यांच्याबरोबर गाते. आवाज बारीक झालाय, पण कुणी ओळ चुकवली की तिला लगेच कळतं.

काल गाणं संपल्यावर त्यांच्यातली जेनोवेफा खिडकीतून डोकावली. हातात पत्रकांचा गठ्ठा.

“रोझालिया मावशी, पंचवीस तारखेला ‘नाही’वर फुली. विसरू नका हं.”

“मला शिकवतेस? मी सगळं वाचलंय.”

“सगळं? अहो, आमच्यात कुणीच नाही वाचलं.”

“म्हणून तर एवढ्या बोलताय.”

बायका निमूट घरी गेल्या. मला हसू आलं, आणि किती दिवसांनी आलं ते आठवेना. मग मी सूप ढवळत असताना आईनं विचारलं, “सुरुवातीची ती ओळ कुणी लिहिली? देव मानणारे आणि न मानणारे सगळे एकाच वाक्यात?”

“समितीनं. फार भांडण झालं म्हणे त्यावर.”

“दिसतंय. लग्नात भांडलेल्या दोन्हीकडच्या पाहुण्यांना एका टेबलावर बसवलं की कुणीच पोटभर जेवत नाही, तसं झालंय.” मग पांघरूण ओढून घेत म्हणाली, “पण बसवलंय मात्र.”

मला वाटलं, आता ही विरघळणार. मी लगेच म्हटलं, मग बोगुशला लिहू का? आणि तिनं पुन्हा तोंड मिटलं. तेव्हा मलाही राग आला. मी म्हटलं, देवाचं नाव कुठल्या ओळीत आहे यावरून तू पोटच्या पोराला घराबाहेर ठेवतेस, हे देवाला तरी आवडेल का?

तेव्हा ती खरं बोलली. देवाचं निमित्त होतं, बोगुश. हिवाळ्यात मिक्रूतांच्या टीव्हीवर तिनं तुला बघितलं. सभागृहात तू कुणाच्यातरी मागे उभा होतास आणि वाकून त्याला कागद देत होतास. तो माणूस म्हणजे जुन्या कम्युनिस्ट पक्षातला, ज्यांच्या सरकारनं तुला ब्याऐंशी साली डांबून ठेवलं त्यांच्यापैकी. “त्या तुरुंगाच्या फाटकाशी मी पाव आणि लोकरीचे मोजे घेऊन बर्फात उभी राहिले,” ती म्हणाली. “आत घेतात की नाही तेही माहीत नव्हतं. आणि हा त्यांना कागद देतोय. वर हसतोय.”

“आई, ते त्याचं काम आहे.”

“काम कर की. कागदही दे. हसायचं कशाला?”

याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर ते तू तिला समोर बसून द्यावंस असं मला वाटतं. लिहून पाठवू नकोस, मला पुन्हा त्यातलं निम्मं गाळावं लागेल.

नर्स आता दिवसाआड येते. चांगली बाई आहे, जाता जाता माझाही रक्तदाब बघते. तुला या महिन्यात तार्नूफच्या बाजूला काही काम निघतंय का? सहज विचारते. आईनं येऊ नको म्हटलंय ते घरी. तार्नूफबद्दल ती काही बोललेली नाही.

आईचे आशीर्वाद.

तुझी,
लिओकादिया


ओल्शिनी,
सोमवार, २६ मे १९९७

बोगुश,

प्रभूची स्तुती असो. आज आई बघत नाहीये, तरी लिहिते.

हे पाकीट मी बसच्या ड्रायव्हरकडे देणार आहे. तो तार्नूफला आगगाडीच्या कंडक्टरच्या हाती ठेवील आणि वॉर्सा स्टेशनवर तू ते घ्यायचं. सकाळी दुकानातून तुझ्या कचेरीत फोन केला होता. तुम्ही सगळे निकालाच्या धांदलीत, फोन शिपायानं घेतला. गाडीवर जाऊन पाकीट घ्या, एवढाच निरोप ठेवला. बाकीचं त्याला सांगण्यासारखं नव्हतं, आणि माझ्यामागे रांगेत जेनोवेफा उभी होती.

काल सकाळी आई म्हणाली, “मला कपडे घाल. मतदानाला जायचंय.”

ती गेले दहा दिवस पलंगावरून उठलेली नव्हती. मी रोजचा स्वेटर आणला.

“तो नाही. खालच्या कप्प्यातला.”

खालच्या कप्प्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. बाबा गेले त्या वर्षी तिनं आपल्या दोघांना कपाटासमोर उभं करून दाखवलं होतं. निळा लोकरी पोशाख, पांढरा रुमाल, कोरे मोजे. मला शवपेटीत ठेवाल तेव्हा हे घाला, शोधाशोध नको, म्हणाली होती. तू तेव्हा अंगणात निघून गेला होतास.

“आई, तो कशाला?”

“माझ्याकडे एवढाच चांगला आहे. आणि शिंपिणीनं इतकं छान शिवलंय, ते मला घातलेलं दिसायला नको?”

तो तिच्या अंगावर नुसता लोंबत होता. मी पाठीमागून पिना लावून आवळला. पिना लावताना मला रडू आलं. तिची पाठ माझ्याकडे होती ते बरं झालं.

मिक्रूतनं आपली कोबी वाहायची गाडी आणली. मागच्या भागात स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली, आई खुर्चीत, मी खाली बसून खुर्ची धरलेली. मतदान अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होतं. गावातल्या दोघा जवानांनी तिला खुर्चीसकट उचलून आत नेलं. हॉलमधली कुजबुज थांबली, कारण तो पोशाख कसला आहे हे गावातल्या प्रत्येक बाईला कळलं. प्रत्येकीच्या कपाटात तसा एक आहेच.

टेबलाशी शाळेच्या मुख्याध्यापिका, हेलेना बिएनियाश.

“ओळखपत्र, मावशी.”

“हेल्का, तुझ्या बाप्तिस्म्याला तुला हातात धरून मी उभी होते. तेव्हा तू माझ्या अंगावर काय केलं होतंस ते सांगू का इथे?”

“नको, मावशी. पण ओळखपत्र द्या.”

“देते. नियम म्हणजे नियम,” असं म्हणून तिनं ते खुशीत काढून दिलं. मला वाटतं, हेल्कानं मागितलं नसतं तर ती रागावली असती.

तिला पेन धरवत नव्हतं. मतदारानं स्वतः सांगितलं तर कुणी मदत करू शकतं, असं हेल्का म्हणाली. आईनं मला सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगितलं, “पोरी, माझा हात धर. ‘नाही’वर.”

“मावशी, हळू बोला. मतदान गुप्त असतं.”

“असतं ना. माझ्या मुलानं टाइप केलंय ते. पण मला लपवायचं काही नाही.”

मी तिचा हात धरला. त्या हाताला वजनच उरलेलं नाही. खरं सांगते, मला शेवटपर्यंत वाटत होतं की पेन टेकताना ती तुझ्या बाजूला वळेल. ती वळली नाही. उरलेली सगळी ताकद त्या फुलीत घातली, फुली चौकोनाबाहेर गेली. हेल्का मतपेटीकडे बघत राहिली. ऑर्गन वाजवणाऱ्या म्हाताऱ्यानं टाळी वाजवली. कुणीच साथ दिली नाही, म्हणून त्यानं हात खिशात घातले.

माझ्या मतपत्रिकेवर मी दोन्ही चौकोनांत फुल्या मारल्या. तू म्हणशील, मत बाद झालं. झालं. मला तुमच्या कुणाचीच बाजू घ्यायची ताकद नव्हती.

परत येताना गाडीत आई म्हणाली, “झालं. मी त्याच्या विरुद्ध मत दिलं. हे त्याला सरळ लिही, गोड करून सांगू नकोस. मला माहीत आहे तू गोड करतेस. आणि लिही, आता ये.”

मी म्हटलं, “आई, हे आधी का नाही सांगितलंस? एक महिना घालवलास.”

“आधी आला असता, इथे बसून माझे पाय दाबले असते, आणि माझा हात ‘हो’वर गेला असता. मी मेल्यावर त्याला जन्मभर वाटलं असतं, आईचं मत आपण रडून मिळवलं. तसं नको मला. मत माझं आहे. आणि मुलगाही माझाच आहे.”

कोबीच्या वासात बसून मी हे ऐकलं, बोगुश, आणि मला तिचा एवढा राग आला आणि एवढी माया आली, की मी खुर्चीचा पाय घट्ट धरून ठेवला. दुसरं काही सुचलं नाही.

आज सकाळी रेडिओनं सांगितलं, तुमची घटना मंजूर झाली. मी आईजवळ जाऊन सांगितलं.

“जिंकला?”

“जिंकला.”

“आणि आपल्या गावात?”

“आपल्या गावात तू.”

“मग ठीक आहे,” म्हणाली. हसायचा प्रयत्न केला.

आता डॉक्टर काय म्हणाले ते लिहिते. एप्रिलमध्येच म्हणाले, पोटात सगळीकडे पसरलंय, कापण्यासारखं काही नाही, घरी न्या. आईनं समोर बसून ऐकलं, आणि बसस्टॉपवर क्रूसावर हात ठेवून माझ्याकडून शपथ घेतली की मतदानाआधी तुला कळवणार नाही. दयेपोटी आलेला मुलगा तिला नको होता. नर्स जी येते ती मॉर्फिन द्यायला येते. आज फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर गेले, तेव्हा म्हणाली, गुरुवारच्या, ख्रिस्ताच्या पवित्र शरीराच्या सणाच्या मिरवणुकीपर्यंत थांबतील असं धरून चालू नका.

आणि अजून एक. मागच्या दोन्ही पत्रांच्या शेवटी आईचे आशीर्वाद लिहिले ते माझे होते. तिनं काहीच सांगितलेलं नव्हतं. पण ‘आता ये’ हे तिचं आहे. तिच्याच शब्दांत आहे, मी त्याला हातही लावलेला नाही. तू म्हणाला होतास, आई स्वतः बोलावेल तेव्हा येईन. तिनं बोलावलंय. आज मातृदिनही आहे, पण ते राहू दे, फुलं शोधत बसू नकोस.

ती अजून त्याच पोशाखात आहे. काढू देत नाही. रस्त्यावरून काही गेलं की डोळे उघडते. मघाशी मी पत्र लिहायला बसताना तिनं विचारलं, “लिहिलंस का त्याला?”

मी म्हटलं, “लिहायचं काय आता? तो निघालाय.”

“कुठल्या गाडीनं?”

मी उद्या सकाळी पोचणारी एक्सप्रेस म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “मग थांबते,” आणि भिंतीकडे वळून पडून राहिली.

तुम्हा दोघांच्या मध्ये उभं राहून मी आजवर पुष्कळ खोटं बोलले आणि ते निभावून नेलं. हे मला एकटीला निभावता येणार नाही. पत्र हातात पडेल तेव्हा तू प्लॅटफॉर्मवरच असशील. घरी जाऊ नकोस, बॅग भरू नकोस. मी आईला सांगितलंय तू निघालास म्हणून, तेव्हा तू निघालेला आहेस.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी जिला अजून लिहिता येतं ती,
लिओकादिया